पाचवा तुकडा

माझा थोरला भाऊ कापूरहोळच्या एका गॅरेजात ट्रकची इंजिनं उतरवायचा. मी भोरला मॅट्रिक होऊन पुण्याला कॉलेजात जावं म्हणून त्यानं शाळा सोडली होती. एका कारखान्यात शिकाऊ कामगार घेणार होते. त्याच्या वयाला ती शेवटचीच भरती. त्यानं अर्ज केला, पण मालकाला कळू नये म्हणून पत्ता घरचा दिला. मलाही सांगितलं नाही. आधी चिकटू, मग सांगू, असं त्याच्या मनात होतं.

आमचं गाव वेल्हे तालुक्यात, पोस्ट मार्गासनी. बौद्धवस्ती गावाच्या खाली, ओढ्यापलीकडे. आमचंच आडनाव लावणारी घरं वरच्या आळीतही होती. म्हणून आम्ही पत्त्यात सुरुवातीला वस्ती लिहायचो. ती लिहिलेली असली की पोस्टमन ओढ्यापर्यंत येऊन हाक मारायचा. नसली की पाकीट गावातल्या दुकानात ठेवून जायचा, आणि तिथून ते खाली पोचवायची कुणालाच घाई नसायची.

त्या वर्षी मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गात होतो आणि एका संगणक केंद्रात शिकत होतो. शिकत होतो म्हणजे यंत्राला माहिती पुरवणाऱ्या, भोकं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे वाहत होतो, आणि वेळ उरला तर यंत्राच्या भाषेत थोडंफार लिहीत होतो. त्याच कारखान्यानं मुलाखतीच्या पाकिटांवरचे पत्ते छापायचं काम केंद्राला दिलं. एकेका कार्डावरची पत्त्याची सलग ओळ कॉमापाशी तोडून एकेक तुकडा वेगळ्या ओळीत छापायचा, एवढा भाग वरिष्ठांनी माझ्याकडे सोपवला.

ही तोडणी अशी चालायची. ओळीतलं एकेक अक्षर मेमरीच्या एकेका खणात असायचं. कॉमा दिसला की तिथं शून्य भरायचं, म्हणजे तुकडा तिथं संपला. पुढचा तुकडा कुठल्या खणापासून सुरू होतो तो क्रमांक एका तक्त्यात टिपायचा. वरिष्ठांनी तक्त्याला चार जागा दिल्या होत्या: गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा. तक्त्याला लागूनच, तोडणी संपल्यावर यंत्रानं कुठं परतायचं, तो क्रमांक ठेवलेला असे.

पहिल्याच दिवशी यंत्र मध्येच थांबलं. पुन्हा चालवलं, पुन्हा त्याच कार्डावर थांबलं. मी मेमरीचा छापील उतारा घेऊन बसलो. त्या पत्त्याला पाच तुकडे होते. पाचव्याची नोंद परतीच्या क्रमांकावर जाऊन बसत होती आणि यंत्र भलतीकडेच जात होतं. पुढं अडलेली कार्डं चाळली तर जवळजवळ सगळी भोर-वेल्ह्याकडची, आणि सगळ्यांत सुरुवातीला वस्ती.

मी वरिष्ठांकडे गेलो. "सर, तक्त्याला दोन जागा वाढवाव्या लागतील. आणि तोडायच्या आधी मूळ ओळीची एक प्रत ठेवली तर बरं. शून्यं भरल्यावर मूळ ओळ परत मिळत नाही."

"मेमरी काय तुझ्या मामाच्या शेतात पिकते?" ते म्हणाले. बाकीचे हसले. "पत्ता लिहितात की कीर्तन करतात हे लोक? चार झाले की थांब. पाचवा लिहूच नकोस."

"मग जिल्हा जाईल, सर."

त्यांनी क्षणभर विचार केला. "तर मागून मोज. शेवटचे चार ठेव, पुढचं सोडून दे."

"पण पुढं वस्ती असते. ती नसली तर पाकीट—"

"गावापर्यंत गेलं की झालं. गाव केवढं, त्यातली वस्ती केवढी?"

ती केवढी, हे मला चांगलं माहीत होतं. मग मी पुन्हा म्हणालो, "सर, ती लागते." ते दुसऱ्या कार्डाकडे वळले होते.

मी मागून मोजणं लिहिलं. शब्द नि शब्द त्यांच्या हुकमाप्रमाणे. तोडणी आता तक्त्याबाहेर एक खणही सरकत नव्हती. यंत्र एकदाही अडलं नाही. पुढचं कार्ड वाचलं की आधीची ओळ पुसली जायची, आणि कुणाची वस्ती गेली ते यंत्रातही उरायचं नाही. वरिष्ठांनी केंद्राच्या साहेबांना सांगितलं, "आता प्रोग्रॅम अगदी सुरक्षित आहे." खरंच होतं ते.

दिवाळीला गावी जाताना मी कापूरहोळला उतरलो. भाऊ ट्रकखाली होता. बाहेर आला, चिंध्यांना हात पुसले आणि गॅरेजच्या फळीवरून एक पाकीट काढून माझ्यापुढं धरलं. वर चार ओळी, आमच्याच यंत्राच्या ठशातल्या. दुकानात ते डाळीच्या पोत्यामागं पडून होतं. वडील मीठ आणायला गेले तेव्हा दुकानदारानं दिलं. मुलाखत होऊन गेली होती.

"तारीख उलटली," भाऊ म्हणाला. "म्या गेलो हुतो तरी. वॉचमननं गेटातनंच माघारी लावलं."

मी त्याला सगळं सांगितलं. तक्ता, शून्यं, मागून मोजणं, सगळं.

"लई हुशार मशीन हाय म्हणत हुतास," शेवटी म्हणाला. "तिलाबी आपली वस्ती बाहीरच ठेवायची हाय व्हय?"

"दादा, मशीनचं न्हाई ते."

"मला ठावं हाय कुणाचं ते."

आतून मालकानं हाक मारली. भाऊ पुन्हा ट्रकखाली सरकला. तिथूनच म्हणाला, वय उलटलेल्यांना घेणारी कुठली भरती निघालीच तर तो पत्ता इथलाच घालणार. मालक टोमणे मारील ते मारील.

मी मनातल्या मनात तो पत्ता तोडून पाहिला. गॅरेज, कापूरहोळ, तालुका भोर, जिल्हा पुणे. बरोबर चार.