हौसाबाईचे वाल

पेरू कापण्याआधी एलियासकाका कॅलिपरने त्याची रुंदी मोजत. आकडा सांगत, मग खात. हाड उचलण्याआधी डोक्यावर टोपी घालत. शुक्रवारी सूर्य मावळला की हातातलं काम तिथंच थांबवत. आणि अलीकडे हौसाबाईने दिलेले वाल शिजवत नसत. डब्यात भरून ठेवत.

शनिवारी सकाळी ते खुर्चीतच गेले. काल खोली आवरताना मला ते डबे सापडले.

रोह्याच्या सरकारी दवाखान्यात ते मदतनीस होते. त्याआधी मुंबईला, मेडिकल कॉलेजात हाडं सांभाळायचे. त्यांची माणसं इस्रायलला गेली. ते राहिले. मी त्याच दवाखान्यात कारकून. मराठी घेऊन बी.ए. झालेला, म्हणून मला ‘बी.ए.’च म्हणत.

१९७४ साली नागोठण्याजवळ अंबा नदीच्या गाळात मांडीचं एक हाड सापडलं. कधीतरी मोडून जुळलेलं. पोलिसांनी ते आमच्याकडे आणलं. मागोमाग हौसाबाई आली. तिचा नवरा केरू धाटावला कामाला जायचा. दोन वर्षं बेपत्ता होता.

“माज्या मानसाची मांडी मोडलेली. त्याचंच हाय का वो?”

काकांनी हाडाचं गोल डोकं मोजलं. बेचाळीस मिलिमीटर. पुस्तकातला तक्ता बघितला.

“बहुधा बाईचं,” ते मला म्हणाले. “पण पुस्तक गोऱ्यांचं. आपले गडी हाडानं बारीक. ‘बहुधा’ लिही हां, बी.ए.”

अहवाल मी लिहिला. ‘बहुधा’ने वाक्य लंगडं वाटलं. मी तो शब्द गाळला. डॉक्टरांनी न वाचता सही केली. काकांनीही वाचलं नाही. शुक्रवार होता, दिवस कलला होता.

पोलिसांनी हौसाबाईला अहवाल वाचून दाखवला. ती हसली.

“बाईचं हाय? मंग मेला जित्ता हाय! येऊ दे घरी, दुसरी मांडी मी मोडते.”

ती बाजारात वाल विकायची. तेव्हापासून काकांच्या पिशवीत एक मूठ जास्त टाकायची. “तुमी चांगली खबर दिलीत.”

पुढच्या उन्हाळ्यात त्याच जागी वाळू काढताना कमरेचं हाड मिळालं. त्याच्या मागच्या खाचेत काकांनी अंगठा घातला. बाईच्या हाडात तो सैल हलतो. इथे अडकला. मांडीचं हाड अजून आमच्या कपाटात होतं. ते खोबणीत चपखल बसलं.

काकांनी तेव्हा जुना अहवाल वाचला.

“‘बहुधा’ कुठे गेलं?”

मी सांगितलं.

त्यांनी अहवाल मिटला. मग म्हणाले, “अक्षर तुझं, पण माप माझं. मी वाचायला हवं होतं.”

“हौसाबाईला सांगू या?”

“सांगतो. आधी पोलिसांना नवा अहवाल. या वेळी मी लिहितो.”

पाच महिने गेले. मी आठवण केली नाही. खरं तर मला बरंच वाटत होतं.

हौसाबाई आजही ठसठशीत कुंकू लावून बाजारात बसली आहे. सकाळी मी दुसऱ्या गल्लीने आलो.

शेवटच्या डब्याखाली कागद होता. काकांच्या अक्षरात. वर गेल्या शुक्रवारची तारीख.

‘मागील अहवालात चूक झाली आहे. सदर हाड पुरुषाचे असून’

पुढे कोरा.