काटा टोकाला जात होता

काका गेल्यावरही पाच मिनिटं मी त्यांना चिडवत होतो.

टायपिंग चुकलं तर सांभाळून घ्या.

दत्तूकाका म्हणजे बाबांचे जुने दोस्त, रेल्वेतून रिटायर. झाशीत खंडेराव गेटपाशी घर. मी नोकरीपायी तिथून तासा-दीड तासावर, मऊरानीपुरला. हॅम रेडिओचं, म्हणजे घरच्या घरी अँटेना लावून हौसेने बिनतारी बोलण्याचं वेड मला त्यांनीच लावलं. रोज सकाळी सातला आम्ही रेडिओवर बोलायचो. मराठीत! इथे मला दुसरं आहे कोण मराठी बोलायला?

हॅमवाले नीट ऐकू आलं नाही तरी समोरच्याला 'फाइव्ह नाइन' देऊन टाकतात. म्हणजे सिग्नल एकदम फर्स्ट क्लास. काका खोटा रिपोर्ट कधी द्यायचे नाहीत.

दोन महिने एकच रट. "तुझा सिग्नल दबलाय रे. अँटेना बघ."

तीनदा छतावर चढलो. अँटेना ठणठणीत.

"काका, तुमचा घरी बनवलेला डबाच बिघडलाय!"

"डबा? थांब, रिसीव्हरला मीटरच लावतो. सिग्नल किती जोरात येतोय ते काटाच सांगेल, मग कळेल कोण खरं. फिर बोल, बेटा."

बडा बाजारातल्या कबाड्याकडून जुन्या टेपरेकॉर्डरचा काटेवाला मीटर आणला. काल म्हणाले, "आज बसवतो. उद्या फैसला."

आज सातला हाक मारली. उत्तर नाही.

पुन्हा मारली. नाही.

वाटलं, हरले म्हणून रुसलेत. "काय काका, काट्याने नाक कापलं ना? बोला की आता!"

हसत होतो मी. अरे देवा, हसत होतो.

मोबाइल वाजला. काकू.

"अरे, तू बोलतोयस का रेडिओवर? काटा पार टोकाला जातोय. यांच्या कानाला हेडफोन आहे, पण हे डोळेच उघडत नाहीत रे..."

मी पोचेपर्यंत डॉक्टर येऊन गेले होते. हार्ट अटॅक. सातच्या आधीच गेले म्हणे.

दुपारी काकूंनी सांगितलं. "काल मीटर बसवून रात्री दुसऱ्या कुणाचा तरी सिग्नल लावून बघितला. काटा टोकाला, आणि यांना आवाज बारीकच. हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, पोराला उगाच छतावर चढवलं गं, माझेच कान गेलेत. सकाळी सॉरी म्हणतो त्याला."

सॉरी कसलं, काका? नुसतं सांगायचं होतं. मी ओरडून बोललो असतो.

उद्या सातला मी काय करू?

बरं काका, या आता. शेवटचा नमस्कार.

माझ्याकडून तुम्हाला फाइव्ह नाइन. खोटा नाही.