पुस्तकाचे तीन वाटे

आमच्याकडे नदीत मासे धरले की वाटे घालतात. एकजण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा ढिगावर बोट ठेवून विचारतो, "ह्यो कुनाचा?" पाठमोरा एक नाव घेतो, की मग भांडण नाही. मासळीपुरतं ठीक आहे हो! पण माझ्या बाबांनी हीच रीत प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकाला लावली.

आम्ही गावच्या तिघी मैत्रिणी शहापूरच्या कॉम्प्युटर क्लासला जायचो. सर्टिफिकेट मिळालं की मुरबाडच्या एका कारखान्यात मला घेणार होते, तसा शब्दच दिला होता. पण पुस्तक एवढं महाग! "तेवढ्यात शेळी येईल, नि शेळी दूध तरी देते," बाबा म्हणाले. झेरॉक्सवाल्याने पानं मोजली, तर त्याचं बिल पुस्तकाच्याही वर गेलं. शेवटी तिघींच्या बापांनी मिळून एकच पुस्तक आणलं आणि कोयत्याने त्याचे तीन तुकडे केले. वाण्याच्या तराजूवर तोलून, बरं का! मी बोंब मारली, पण ऐकतंय कोण.

बाबा पाठ करून उभे राहिले आणि माझ्या नावावर शेवटचा वाटा पडला. त्यात नुसती उत्तरं. प्रश्न पहिल्या दोन वाट्यांत.

"आमी आपसात बदलून घेतो," मी म्हटलं.

"वाटा एकदा पडला का पडला. बदलत नाय गो!"

एसटीत आम्ही एकमेकींना आपापला वाटा तोंडी सांगायचो. एक प्रोग्रॅम तर एका मैत्रिणीकडे सुरू होऊन दुसरीकडे संपत होता. परीक्षेत मी धडाधड उत्तरं लिहिली, फक्त ती दुसऱ्याच प्रश्नांची होती. त्या दोघी कशाबशा सुटल्या, मी नापास. कारखानेवाले म्हणाले, पुढच्या परीक्षेपर्यंत थांबू, मग नाही. मी आठवडाभर बाबांशी बोलले नाही. इतका राग आला होता!

एका रविवारी बाबा त्या दोघींच्या घरी जाऊन वाटे मागून घेऊन आले. दिलेला वाटा परत मागायचा म्हणजे आमच्या गावात नाक कापून घेणं. मग ओटीवर बसून, भाताची पोती शिवायच्या दाभणाने, त्यांनी सुतळीने पुस्तक शिवलं. दोनदा अंगठ्यात टोचून घेतलं.

"घे, झाला पुरा."

मी उघडलं. मधला वाटा उलटा शिवला होता. बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. माझा राग कुठल्या कुठे गेला.

पुढचे सहा महिने मी ते पुस्तक फिरवून फिरवून वाचलं. बाबांनी एकदा विचारलंच, "असं गरागरा काय फिरवतीस?"

"कॉम्प्युटरचं असंच असतं, बाबा."

मी पास झाले, मुरबाडला कामाला लागले. बाबा भातसानगरला धरणावर कामाला होते. तिथे ते भेटेल त्याला सांगत, "आमची पोर सरळ पन वाचते नि उलटं पन वाचते!"