गुरम्माच्या तांब्यातलं पाणी

सोलापुरात होटगी रस्त्याला सिद्धराम मिस्त्रीचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणायचं आपलं. वर पत्रा, खाली ऑइलनं काळी झालेली माती आणि पुढं एक लिंबाचं झाड. पण फोर बाय फोर जीप थरथरायला लागली की मंगळवेढ्यापासून अक्कलकोटापर्यंतचा माणूस तिथंच यायचा. सिद्धराम चपला काढून गाडीत बसायचा, एक हात स्टेअरिंगवर, दुसरा गिअरच्या दांड्यावर. दोन किलोमीटरवरून गाडी वळवून आणायचा आणि खाली उतरता उतरता सांगून टाकायचा, पुढचं डावं चाक, नाहीतर मागचा शाफ्ट. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटाखालचा तो लांब लोखंडी दांडा, इंजिनची ताकद चाकांकडं नेणारा. फोर बाय फोरला तसे दोन असतात, एक पुढच्या चाकांना, एक मागच्या. स्टेअरिंग थरथरलं तर चाक, बूड थरथरलं तर शाफ्ट, एवढं सोपं करून तो सांगायचा. माणूस मात्र तिरसट. "मशीन लावून बघितलं का?" असं कुणी विचारलं की त्याची गाडी दोन दिवस उन्हात उभी राहायची.

चार वर्षांपूर्वी साखरेच्या दुखण्यानं त्याचे हातपाय बधिर केले. आधी तळपाय गेले, मग बोटं. एकदा तापलेल्या सायलेन्सरवर हात टेकला आणि कातड्याचा वास आला तेव्हा कुठं त्याला कळलं की आपण भाजलोय. ही गोष्ट त्यानं बायकोला सोडून कुणाला सांगितली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ज्याला थरथर कळत नाही त्या मिस्त्रीकडं कोण गाडी आणणार?

बायकोनं, गुरम्मानं, रडारड केली नाही. तिनं देवापुढचा पितळी तांब्या उचलला, अर्धा पाण्यानं भरला आणि जीपमध्ये जाऊन बसली. तांब्या खाली पत्र्यावर ठेवायचा, कलंडू नये म्हणून गळ्याला हात धरायचा आणि पाण्याकडं बघत राहायचं. "आता हललं. आता थांबलं. आता लई हललं बगा." तो वेगाचा काटा बघायचा, मधेच गाडी न्यूट्रलला टाकायचा. इंजिन मंद होऊनही पाणी हलत राहिलं तर दोष खालच्या अंगाला. असं करत करत बाई शाफ्ट कुठला आणि चाक कुठलं हे पाण्यावरून ओळखायला शिकली. शाळेचं तोंड न बघितलेली बाई, पण सोलापुरात तिच्या तोडीचा मिस्त्री नव्हता, हे मी पैजेवर सांगतो.

सगळा रस्ता हसायचा. म्हातारा बायकोला फिरवायला नेतोय म्हणायचे. गुरम्मा पदर सारखा करत म्हणायची, "चाळीस वर्षं कुटं नेलं न्हाय, आता तरी फिरू द्या की."

गेल्या दसऱ्यानंतर बाराव्या दिवशी धुणं धुताना तिच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यात न्यायच्या आत ती गेली.

त्यानंतर सिद्धरामनं थरथरणाऱ्या गाड्या घ्यायच्या बंद केल्या. ब्रेक, क्लच, डोळ्यांनी दिसेल ते काम करायचा. जानेवारीत गड्ड्याची जत्रा उठली त्या आठवड्यात मंगळवेढ्याकडचा बाळासो जीप घेऊन आला. मेंढरंवाला माणूस, कोकरं आणि पेंड माळावरून न्यायला त्याला फोर बाय फोरच लागते. वीस वर्षांचं गिऱ्हाईक, त्याला नाही म्हणवेना.

"मिस्त्री, दसऱ्याला तुमी काम केलं तवापासनं थरथरतीय," बाळासो म्हणाला. "पर वहिनी गेल्या. म्हटलं, दुखात गाडीचं काय सांगायचं."

सिद्धरामनं गाडी काढली. साठच्या पुढं नेली. बाळासो शेजारून म्हणाला, "आता बगा, जाणवतंय का?" सिद्धरामला काही म्हणजे काही जाणवत नव्हतं. स्टेअरिंग हातात होतं एवढं डोळ्यांना दिसत होतं. "व्हय व्हय," तो म्हणाला. कुठं थरथरतंय, असं विचारलं असतं तर बाळासोनं सांगितलं असतं. पण ते विचारायचं म्हणजे मूठ उघडायची. "चाकं हायत. बॅलन्स करून घे जा."

चार दिवसांनी बाळासो परत आला. चाकं बॅलन्स करून झाली होती, थरथर तशीच होती. तो लिंबाखाली बसला आणि आवाज न चढवता म्हणाला, "मिस्त्री, खरं सांगा. तुमाला त्या दिवशी काय कळलं तरी का?"

दुसरा कुणी असता तर सिद्धरामनं पाना फेकून मारला असता. पण तीन महिने थरथरती गाडी चालवलेला माणूस समोर होता, तेही सिद्धरामच्याच बायकोच्या दुखवट्यापायी.

"न्हाय," सिद्धराम म्हणाला. "चार वर्षं झाली, मला कायबी कळत न्हाय. ती सांगायची."

बाळासो उठून उभा राहिला. "मंजी वहिनी..."

"व्हय. मिस्त्री तीच हुती."

मग त्यानं घरातून तांब्या भरून आणला. तीन महिन्यांत तो कुणी घासला नव्हता. बाळासोला चालवायला सांगितलं आणि स्वतः गुरम्माच्या जागेवर बसून तांब्याचा गळा धरला. पन्नास ओलांडले आणि पाण्यावर बारीक तरंग उठले. न्यूट्रलला टाकूनही उठत राहिले. परत आल्यावर त्यानं मागचा शाफ्ट सोडवून काढला आणि फोर बाय फोरचा दांडा ओढून गाडी नुसत्या पुढच्या चाकांवर पळवायला लावली. पाणी गप. दोष मागच्या शाफ्टात होता. दसऱ्याला त्यानंच बसवलेल्या.

त्यानं चिखल खरवडला आणि शाफ्ट उजेडात धरला. हा शाफ्ट दोन तुकड्यांचा असतो, दात्यांवर एकात एक सरकणारा, आणि दोन्ही टोकांचे कान, म्हणजे सांधा धरणारे लोखंडी फाटे, एका रेषेत यावे लागतात. इथं एक उभा होता आणि दुसरा तिरका. दोन दाते चुकून बसला होता.

कसा चुकला तेही त्याला तिथंच उमगलं. शाफ्ट वेगळा करताना तंबाखूच्या डबीतला चुना बोटानं घेऊन दोन्ही तुकड्यांवर खूण करायची, ही त्याची जुनी सवय. त्या दिवशी खंडेनवमी होती, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची हत्यारांची पूजा. गुरम्मानं सगळी हत्यारं धुतली, शाफ्टही धुतला, कारण मळकट लोखंडाची पूजा होत नाही. चुन्याच्या खुणा त्यातच गेल्या. मग घरच्या रीतीनं प्रत्येकावर विभूतीचं एकेक बोट ओढलं. संध्याकाळी बाळासो घाई करत होता. सिद्धरामनं दोन तुकड्यांवरच्या दोन पांढऱ्या रेघा जुळवल्या आणि बोल्ट आवळले. चुना वाळून खडबडीत होतो, विभूती बोटाला पिठासारखी लागते. धड बोटं असती तर अंधारातसुद्धा फरक कळला असता.

तो शाफ्टावर हात ठेवून बसून राहिला. म्हणजे ही जीप पहिल्या वळणापासून थरथरत होती. त्या संध्याकाळी गुरम्मा शेजारी होती, तांब्या होता, पाणी हलल्याशिवाय राहिलं नसणार. मग ती 'काही नाही' असं का म्हणाली? चार वर्षांत तिची एकदाही चूक झाली नव्हती.

आणि त्याला तिचं बोलणं आठवलं, सगळं.

"एनिल्री," असं ती आधी म्हणाली होती, काही नाही हो, आपल्या घरच्या कानडीत. तेवढं ऐकून त्यानं किल्ली बाळासोच्या हातात दिली होती. पुढचं वाक्य तिनं पदरानं तोंड पुसत म्हटलं होतं. "पानी हललं, पर ते माज्या हातानं. सकाळधरनं हात लई कापतोय."

गाडीतलं कंपन तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. ज्या बाईला पाण्यावरून चाक आणि शाफ्ट वेगळा करता यायचा तिला त्या दिवशी गाडी आणि आपला हात वेगळा करता आला नव्हता, इतकी ती आतून हलली होती. आणि तिनं लपवलं नव्हतं. सांगितलं होतं. त्यानं त्यातलं गाडीपुरतं ऐकलं, आणि पंधरवड्याच्या आत ती गेली. साऱ्या जिल्ह्याच्या गाड्यांची थरथर शोधणारा माणूस. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाळासोला त्यानं यातलं काही सांगितलं नाही. कान रेषेत आणले, दाते जुळवले, या वेळी छिन्नीनं लोखंडावरच खूण ठोकली. बोल्ट बाळासोकडून आवळून घेतले. "चल, बगू."

विजापूर रस्त्याला गाडी लागली. पन्नास झाले, साठ झाले. "मिस्त्री, लोण्यासारखी चालतीय!" बाळासो म्हणाला. "पानी काय म्हनतंय?"

पाणी हलत होतं. तांब्याच्या काठावरून सिद्धरामच्या पायावर सांडत होतं.

"गाडीत काय न्हाय," तो म्हणाला. "पानी हलतंय ते माज्या हातानं."

बाळासोनं गाडी कडेला घेतली, बंद केली आणि त्याच्याकडं वळून विचारलं, "हात का कापतोय, मिस्त्री? बरं वाटत न्हाय का?"

गुरम्माला एवढंच तर विचारायचं होतं. सिद्धराम तांब्या पोटाशी धरून तिथंच ओक्साबोक्शी रडला.