शेठचा लाल शेपटीचा मासा

प्लेग येऊन गेला, त्याच्या पुढच्या सालची गोष्ट. पांडेसऱ्याच्या गिरणपट्ट्यात, एका कपडे रंगवायच्या मिलमध्ये मंदा झाडलोट करायची. मूळची अमळनेरकडची, घरी शाळेत जाणाऱ्या दोन पोरी. नवरा ह्याच मिलमध्ये कापड रंगवायच्या जेट मशिनवर राबत राबत खोकून गेला, तेव्हा धनसुखभाई शेठनं तिच्या हाती झाडू दिला आणि येईल त्या पाहुण्याला ऐकवलं, "आपण आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नाही." आधी नवऱ्याला मशिनवर झिजवला, मग बायकोला फरशीवर. मोठ्या लोकांची दया ही अशी असते.

ह्या शेठनं ऑफिसात काचेची पेटी आणली. आत एकच मासा. अंग काळंभोर, शेपूट कुंकवासारखं लाल. नाव काय, तर रेड टेल शार्क! बोटाएवढा जीव, आणि शार्क म्हणे. पाहुणा आला की शेठ हिऱ्याच्या अंगठीनं काचेवर टकटक करायचा आणि सुरू व्हायचा, "थायलंडच्या नदीतला आहे. तिकडे आता एकसुद्धा उरला नाही म्हणतात. बिचारा!"

मंदा फरशी पुसता पुसता ऐकायची. मिलच्या मागची खाडी एक दिवस हिरवी वाहायची, एक दिवस जांभळी. बेडूकसुद्धा तिथं टिकला नव्हता. ते पाणी सोडणारा माणूस परदेशातल्या नदीसाठी हळहळतोय, ह्याचं तिला हसूही येईना.

एका मंगळवारी माशाचं शेपूट फिकं पडलं. पार विटक्या लुगड्यासारखं.

"मंदाबेन, शुं कर्युं तें?" शेठ कडाडला. "फिनाईल पाडलं असशील. शनिवारी दिल्लीची पार्टी येणार आहे. तोवर रंग परत आला नाही, तर सोमवारपासून येऊ नको."

म्हणजे झालं. एका शेपटीवर तीन पोटं टांगली.

शेठ लग्नाला मुंबईला गेला. जाताना हुकूम सोडला, बाबुराव मास्तरला दाखवा. बाबुराव मिलचा कलर मास्तर, धुळ्याकडचा. पोपटी आणि तोतारंगी ह्यांत तीन फरक सांगणारा माणूस, त्यामुळे जगात जे जे रंगीत ते आपल्याच खात्यातलं, असा त्याचा समज. तो शेडकार्ड घेऊन आला. ते काचेला लावलं, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "शेड डल झालीय. बाथचं पाणी बिघडलंय. जरासं ॲसिड मारलं की उठेल बघ."

आणि खरंच मगात ॲसिड घेऊन आला की हो! माशाला पॉलिस्टरचा तागा समजला मेला.

मंदा पेटीपुढं आडवी आली आणि त्याच्या डोळ्यांकडे बोट करून गावाकडच्या बोलीत म्हणाली, "मास्तर, आधी तुम्हना डोयामा टाका, मंग मासाले."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"मना नवराना हात या ॲसिडमा कसा जळेल व्हतात, ते माले कळस."

 मास्तर ॲसिडचा मग उचलून परत गेला आणि शेठला फोनवर खुशाल सांगितलं, "औषध दिलंय."

मंदानं मात्र माशाकडे नीट बघितलं. ऑफिसच्या शिपायानं टेबलावर चावी आपटली, की तो कोपऱ्यात चिकटून थरथरायचा. लपायला पेटीत एक आडोसा नाही. घाबरलेल्या जिवाच्या अंगावर रंग कसा राहील? हे कळायला शेडकार्ड लागत नाही. तिनं घरून फुटक्या माठाची खापरी आणली, धुतली, पेटीत पालथी घातली आणि शिपायाला दम दिला, काचेजवळ फिरकायचं नाही. मासा खापरीखाली शिरला. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी शेपूट गुलाबी दिसलं. शनिवारी लालभडक.

पार्टी खूश, लग्नाहून परतलेला शेठ त्याहून खूश. "आमच्या मास्तरची कमाल!" आणि बाबुराव लाजून मान खाली घालतोय, जसं काही खरंच!

शेठनं सवयीनं अंगठी टकटकवली. मासा सुळ्ळकन खापरीखाली.

"हे मडक्याचं खापर कुणी टाकलं? काढ बाहेर. दिसत नाही चांगलं."

मंदानं बाही वर सारली. "काढते, शेठ. पण परत रंग उतरला तर मला बोलायचं नाही. मास्तर आहेतच, पुन्हा औषध देतील. काय औषध होतं, मास्तर? सांगा ना पाहुण्यांना."

 सगळे बाबुरावकडे बघतायत.

"राहू द्या, शेठ," तो घाईघाईनं म्हणाला. "खापरी... ती औषधातलीच आहे. आणि काचेवर वाजवायचं नाही. तेही औषधातच येतं."

"असं होय?" शेठनं हात मागे घेतला आणि पाहुण्यांना हळू आवाजात सांगू लागला, की काचेवर वाजवणारी माणसं किती अडाणी असतात.

मंदा बादली उचलून निघाली. जिन्याच्या पायऱ्या पुसायच्या राहिल्या होत्या, आणि सोमवारी यायचं होतं.