खाऱ्या खाचरातलं अळू

लेइना मावशी खाचरात उतरते, गढूळ पाण्यात बोट बुडवून जिभेला लावते आणि थुंकते. गेले नऊ दिवस मी रोज सकाळी हेच बघतेय.

पॅसिफिकमधल्या या चिमुकल्या बेटावरच्या कॉलेजात मी शेती शिकवते. आमचे निम्मे वर्ग भरतात ते गावातल्या अळवाच्या खाचरांत. इथे अळवाचा कंद म्हणजे रोजचं जेवण, आणि खाचर आईकडून मुलीकडे जातं. मागच्या उधाणात समुद्र बांध ओलांडून आत शिरला आणि मावशीचं सगळं अळू कुजलं. कॉलेजने खारं पाणी थोडंफार सोसणारी रोपं दिली आहेत. ती बादलीत वाट बघतायत.

आमच्या कोकणात अळू न्हाणीच्या सांडपाण्यावर आपसूक माजायचं. वडीपुरती पानं खुडायची, की विसरून जायचं. अळवासाठीही कुणाला इतकं हट्टाने उभं राहावं लागत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आज मावशीने बोट चाटलं आणि ती थुंकली नाही. माझ्या हातातलं खारेपणा मोजायचं यंत्र मात्र अजून नाहीच म्हणत होतं.

"आठवडाभर थांबूया ना, मावशी."

"पुढचं मोठं उधाण यायच्या आत मुळं धरायला हवीत. तू चाखून बघ."

मी चाखलं.

"कसं आहे?"

"खारट."

"आहेच," ती म्हणाली आणि बादलीतलं एक रोप माझ्या हातात दिलं. "लाव."