शालाक्का शब्द माघारी घेतात

दुपारी भिंतींवरचा पुराचा गाळ खरवडून हात गळून जातात, तेव्हा मी माळ्यावर जरा आडवी होते. खालून नवऱ्याच्या फावड्याचा आवाज येतो आहे. हळूहळू तो भाकरी थापल्यासारखा ऐकू येऊ लागतो. भाकरी कोण थापतंय ते मला लगेच कळतं.

चुलीपाशी शालाक्का बसल्या आहेत. माझ्या थोरल्या जाऊबाई. पुरात आम्ही सगळे शाळेत पोचलो आणि अक्का गोठ्यातली म्हैस सोडायला माघारी गेल्या, त्या आल्याच नाहीत. आता गुडघाभर पाण्यात पाट टाकून बसल्या आहेत आणि चूल मात्र मस्त पेटलेली.

"म्हस दूध देती का गं?" त्या विचारतात. मेल्यावरही पहिली चौकशी म्हशीची.

"देते. जरा कमी."

"भ्यालीया ती. दील सावकाश. आन् आपली तनू?"

तनू माझी मुलगी, पहिलीत आहे. तिचं नाव निघतं आणि आम्ही शाळेच्या वर्गात बसलेल्या असतो. बाकांवर गोधड्या, फळ्यावर अजून बेरजा. बाहेर पाऊस नाही, नुसता उजेड आहे.

"तिच्या प्रश्नांनी जीव नकोसा झालाय, अक्का. आपण नदीची, माईची ओटी भरायला गेलो होतो तेव्हा ती नाक दाबून म्हणाली होती ना, 'शी, माईला वास येतोय'?"

"आन् मी म्हनले, आसं म्हनू ने बाळा, माई रागावती."

"तेच धरून बसलीय. मोठी आई माझ्यामुळं गेली का, म्हणून विचारते. मी ढगांचं सांगितलं, धरणाचं सांगितलं. तिच्या बाबांनी नदीचं चित्र काढून दाखवलं. सगळं ऐकून घेते आणि म्हणते, पण मोठ्या आईनं सांगितलं होतं. तुमच्या शब्दापुढं माझं काय चालणार? तुम्ही होतात तेव्हाही चालत नव्हतं."

शालाक्का हसत नाहीत. मला त्यांचा राग आलेला असतो, पण त्या समोर आहेत म्हणून इतकं बरं वाटतं, की रागसुद्धा धड येत नाही.

वर्गाच्या दारातून आम्ही घाटाच्या पायऱ्या उतरतो. पाणी नितळ आहे आणि तळाशी आमचं देऊळ दिसतं, कळसासकट. शालाक्का पाय पाण्यात सोडून बसतात.

"पोरीला गप करायला म्हनले गं मी," त्या म्हणतात. "माझ्या आईनं मला म्हनलेलं, तेच तिला दिलं. नदीला काय कळतंय आपलं बोलनं? माई आपन म्हनतो. ती कवा म्हनली, मला माई म्हना?"

"म्हणजे खोटं होतं?"

"खोटं हुतं. शब्द माघारी घेतला मी. जा, सांग तिला."

तनूचा दुसरा प्रश्नही मी विचारून घेते. अशी संधी पुन्हा कुठं मिळणार? "आणि देव कुठं होता, असं विचारते."

"मला हितं यिऊन कळलं आसंल, आसं वाटतंय व्हय तुला?" त्या पाण्याकडं बघतात. "ठावं न्हाई म्हनून सांग. लाज कसली त्यात? पन देऊळ बुडालं तवा त्यो काय माळ्यावर जाऊन बसला नव्हता. पान्यातच हुता, माझ्याबरूबर. येवढं मी बघितलंय."

"घाबरला होतात?"

"लई. मग म्हशीचं दावं सुटलं. लई बरं वाटलं बघ तवा."

त्या माझा पदर ओढून घेतात. "तू इसरभोळी. उठलीस की च्याच्या नादात इसरशील," म्हणत टोकाला गाठ मारतात, चांगली आवळून.

"अक्का, बसा की थोडं."

"भाकरी करपंल," त्या म्हणतात.

डोळे उघडते तर तनू शेजारी बसलेली. माझ्या पदराचं टोक तिच्या हातात.

"आई, ही गाठ कुणी मारली?"

झोपेत तूच मारली असशील, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. माझ्या हातची गाठ आजवर कधी टिकलेली नाही, आणि ही दातांनीही सुटत नाही.

"मोठ्या आईनं," मी म्हणते. "तुला निरोप दिलाय. माई कुणाच्या बोलण्यानं रागावत नाही. मोठ्या आईनं तुला गप करायला तसं म्हटलं होतं. आता शब्द माघारी घेतला तिनं."

"तिनं स्वतः?"

"स्वतः."

तनू गाठ चाचपत बसते. मग अगदी हळू विचारते, "मग आता मी मोठ्या आईसाठी रडले तर चालंल?"

पूर ओसरल्यापासून हे लेकरू एकदाही रडलेलं नाही, हे मला आत्ता कळतं.

"चालेल," मी म्हणते. तनू माझ्या मांडीत शिरते आणि जोरात भोकाड पसरते.